ब्रेकच्या रबरावर नाव कुणाचं?

कसारा घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती म्हणून मी आज हे लिहितेय. नाशिकहून ठाण्याला परत येत होते, गाडी १९७६ ची प्रीमिअर पद्मिनी, बाबांनी घेतलेली, आणि ब्रेकचं पूर्ण काम करून जेमतेम चार महिने झाले होते, मास्टर सिलिंडरचं (पेडलचा दाब चाकांपर्यंत पोचवणारं नळकांडं) किट नवीन, चारही चाकांच्या सिलिंडरचे कप, म्हणजे आतली रबरी सीलं, नवीन, ब्रेक ऑइल नवीन, सगळं पॅकबंद बॉक्समधून माझ्यासमोर काढून बसवलेलं. दोन वळणं आधीपर्यंत पेडल नीट होतं, मग एकदम मऊ पडलं, दुसऱ्यांदा दाबलं तर सरळ खाली टेकलं. हँडब्रेक ओढत आणि इंजिनवर रोखत गाडी कडेच्या मातीत घातली. आई शेजारी होती, तिने काहीच विचारलं नाही, फक्त डॅशबोर्डवर टेकवलेला हात गाडी थांबल्यावरही बराच वेळ काढला नाही.

गाडी टो करून आणली आणि मिस्त्रींनी मास्टर सिलिंडर उघडला. आमच्या मिस्त्रींचं सगळं आयुष्य टॅक्स्यांच्या कामात गेलंय, ते सहसा बोलत नाहीत, त्यांनी नुसता तो रबरी कप काढून माझ्या तळहातावर ठेवला. फुगला होता, बोटाने दाबला तर चिकट लागत होता आणि कडेची पातळ ओठासारखी धार एका बाजूने उलटी झाली होती. चार महिन्यांत. "ताई, हे ब्रेकचं रबर नाहीये, हे ऑइल सीलचं रबर आहे," एवढंच ते म्हणाले.

हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं. रबर म्हणजे एकच वस्तू नसते. इंजिन ऑइल आणि पेट्रोलला टिकतं ते नायट्राइल रबर. ब्रेक फ्लुइड हे नावाला ब्रेक ऑइल असलं तरी ते तेल नाही, ते ग्लायकॉलवर आधारलेलं असतं आणि त्यात नायट्राइल टिकत नाही, फुगतं आणि मऊ पडतं. तिथे ईपीडीएम किंवा तसलं दुसरं कंपाउंड लागतं, आणि गंमत अशी की त्या ईपीडीएमला जरा इंजिन ऑइल लागलं तर ते फुगतं. म्हणजे दोन्ही रबरं काळी, दोन्ही हाताला सारखीच लागतात, दोन्हीचा कप एकाच साच्यातून काढला तर मायक्रोमीटर लावूनही फरक कळणार नाही, पण एक घाटात धरतं आणि दुसरं सोडतं. कुणीतरी जुना कप घेतला, त्याचा आकार अगदी मन लावून उतरवला, आणि रबर मात्र हाताशी होतं ते वापरलं, बहुतेक "ऑइलप्रूफ आहे" असं मनाशी म्हणूनच. त्याला कुणाचा जीव घ्यायचा नव्हता हे मला मान्य आहे. पण तो कोण आहे हे मला आजही माहीत नाही, आणि माझा सगळा मुद्दा तिथेच आहे.

त्या बॉक्सवर एका जुन्या, नावाजलेल्या कंपनीचं नाव छापलेलं होतं. तसाच रंग, तसाच लोगो, होलोग्रामसारखं काहीतरी चकाकणारंही होतं. आतल्या कपवर एक अक्षर नाही. बनवणाऱ्याचं नाव नाही, महिना नाही, वर्ष नाही, कंपाउंड कुठलं ते नाही. मी दुकानात परत गेले तर दुकानदार म्हणाले, "मॅडम, आम्हाला पण असाच येतो माल." कुठून येतो ते सांगेनात, आणि मला वाटतं त्यांनाही तिसऱ्या माणसापलीकडे खरंच माहीत नसावं.

जुन्या गाड्यांच्या कॉपी पार्टबद्दल आपल्याकडे जी चर्चा चालते ती नेहमी दर्जाची चालते, हा पार्ट भंगार, तो बरा, अमुक गल्लीतला घेऊ नका, तमुक शहरातला मागवा. माझं म्हणणं आहे की दर्जा ही पुढची गोष्ट, आधी नाव पाहिजे. ज्या पार्टवर बनवणाऱ्याचं नाव नाही त्याचा दर्जा सुधारूच शकत नाही, कारण तक्रार परत जायला रस्ताच नाही.

हे असं पूर्वी नव्हतं का? पद्मिनीच्या बाबतीत तरी मला वाटतं वेगळं होतं, आणि ते का वेगळं होतं ते समजून घेण्यासारखं आहे. वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात ही गाडी १९६४ पासून फियाट ११०० डी म्हणून बनवायला घेतली, १९७४ पासून ती पद्मिनी झाली आणि २००० च्या सुमारास बंद पडली. पण गाडी बंद झाली तरी मुंबईच्या रस्त्यावरून गेली नाही, कारण काळीपिवळी. हजारो टॅक्स्या, रोज सकाळी निघायच्या आणि रात्रीपर्यंत फिरायच्या, भर उन्हात सिग्नलला उभ्या, पावसात दादर हिंदमाताच्या पाण्यातून जायच्या. त्या टॅक्स्यांसाठी पार्ट बनवणारे बहुतेक सगळे कॉपीवालेच होते, कंपनीचा माल टॅक्सीवाल्याला परवडत नसे. तरी त्या पार्टांचा एक किमान दर्जा टिकून होता. का? कारण टॅक्सीवाला सोमवारी पॉइंट (इंजिनची ठिणगी जुळवणारा छोटा भाग) घ्यायचा आणि पॉइंटची टाच झिजून गॅप बंद झाला की गुरुवारी दुकानात परत यायचा, तोंडाने शिव्या आणि हातात तो पॉइंट. दिवसभराची कमाई गेलेली असायची त्याची. दुकानदार त्या सप्लायरकडून पुढचा माल घ्यायचा नाही. सप्लायर दोन महिन्यांत एक तर सुधारायचा किंवा संपायचा. कुठलीही लॅब नाही, कुठलं सर्टिफिकेट नाही, पण वापरातून रोजच्या रोज परीक्षा व्हायची आणि निकाल आठवड्याच्या आत बनवणाऱ्याच्या दारात पोचायचा.

शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत ऑक्टोबर २००३ मध्ये रजिस्टर झाली होती, आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. त्या दिवशी फोटो निघाले, लोक हळहळले, मीही गेले होते बघायला. पण त्या दिवशी आणखी एक गोष्ट संपली जिच्याबद्दल कुणी बोललं नाही, ती म्हणजे ही परीक्षा. आता पद्मिनी उरल्या त्या माझ्यासारख्यांकडे. आमच्या गाड्या वर्षाला पाचशे किलोमीटर चालतात, कधी तेवढ्याही नाही. रविवारी सकाळी बाहेर काढायची, एखाद्या रॅलीला न्यायची, पुसून कव्हर घालून ठेवायची. टॅक्सीत जो इग्निशनचा कंडेन्सर चार दिवसांत मेला असता तो माझ्या गाडीत दीड वर्ष काढतो, आणि मरतो तेव्हा बिल कुठे आहे ते आठवत नाही, बॉक्स केव्हाच फेकलेला, दुकान कुठलं तेही नक्की नाही. बनवणाऱ्याला कळतच नाही की त्याचा माल वाईट आहे. उलट त्याला वाटतं तक्रार नाही म्हणजे चांगला आहे. आणि ज्या सप्लायरने टॅक्स्यांच्या जमान्यात मार खाऊन शिकून घेतलं होतं त्याचा खप टॅक्स्यांबरोबर संपला, तो दुसऱ्या धंद्यात गेला. उरले ते जे वर्षातून एकदा एक लॉट काढतात.

हा प्रश्न फक्त आपला नाही. इंग्लंडमध्ये एमजीबी ही जुनी स्पोर्ट्स कार आपल्या पद्मिनीसारखीच लोकांची लाडकी, तिचे पार्ट नवीन मिळण्याची सोय जगात सगळ्यात चांगली मानली जाते, आणि तरी तिथले लोक कितीतरी वर्षं डिस्ट्रिब्युटरच्या रोटरने (प्लगना करंट वाटणारा फिरता भाग) हैराण होते. दिसायला जुन्यासारखाच काळा रोटर, पण पितळी पट्टी बसवायचा रिव्हेट खाली स्पिंडलच्या फार जवळ आणि मधलं प्लास्टिक हलकं, त्यात कार्बन जास्त. गाडी तापली की करंट प्लगकडे जायचा सोडून प्लास्टिकमधून स्पिंडलला अर्थ व्हायचा आणि गाडी रस्त्यात बंद. लोक डिकीत दोन-दोन जादा रोटर घेऊन फिरायचे. मग एका जाणकाराने रिव्हेटच काढून टाकून, चांगल्या मटेरिअलचा, मुद्दाम लाल रंगाचा रोटर बनवून आणला. लाल रंगाने करंट चांगला जातो असं काही नाही, पण रंगामुळे तो ओळखू यायला लागला. लोकांनी "लाल द्या" म्हणून मागायला सुरुवात केली. (नंतर लालचीही नक्कल आली, म्हणजे नुसता रंगही पुरत नाही, नावच पाहिजे.)

त्याच इंग्लंडात दुसरं टोकही आहे. ब्रिटिश मोटर हेरिटेज नावाची संस्था १९७५ मध्ये निघाली, तिने जुन्या कंपनीचे मूळचे प्रेस टूल, साचे शोधून गोळा केले आणि १९८८ मध्ये एमजीबीची अख्खी बॉडी नवीन बनवून विकायला काढली, मूळच्याच टूलवर. टोयोटाने २०२० पासून स्वतःच्या जुन्या सुप्रा आणि २००० जीटीचे पार्ट पुन्हा बनवायला घेतलेत. ही उदाहरणं ऐकली की आपले लोक लगेच म्हणतात, त्यांच्याकडे पैसा आहे, आपल्याकडे कुठली कंपनी असं करणार. खरंय, कुर्ल्याचा कारखाना बंद होऊन दोन दशकं उलटली, त्यामुळे पद्मिनीला हेरिटेज विभाग मिळायची वाट बघण्यात अर्थ नाही. पण पैशापेक्षाही तिथे जे घडलं ते हे की पार्टमागे कोण आहे ते कळायला लागलं.

आणि आपल्याकडे हात नाहीत असं मला कुणी सांगू नये. गिअर लिव्हर आमच्या गाडीत स्टिअरिंगच्या खाली असतो, त्याच्या लिंकेजचे बुश, म्हणजे सांध्यातल्या छोट्या नळ्या, इतके झिजले होते की तिसरा गिअर शोधावा लागायचा. बाजारातले तयार बुश पितळेचे निघाले आणि सहा महिन्यांत गेले. मग एका मित्राच्या सांगण्यावरून कोल्हापूरला उद्यमनगरात गेले. तिथे एका छोट्या लेथवाल्यांनी बुश हातात घेतला आणि पहिला प्रश्न काय विचारला, तर "ह्याच्यावर लोड कसा येतोय, फिरतंय का नुसतं सरकतंय?" मग स्वतःच म्हणाले, पितळ नको, फॉस्फर ब्राँझ घेऊ, आणि आतून तेलाला एक खाच काढू. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बुश तयार. पाच वर्षं झाली, गिअर लोण्यासारखा पडतो. ह्या गावाने कित्येक वर्षं ऊस गाळायच्या घाण्यांपासून ऑइल इंजिनांपर्यंत सगळं बनवलंय, तिथल्या फाउंड्र्यांचं कास्टिंग मोठमोठ्या गाड्यांच्या कंपन्यांना जातं. भोसरी, अंबड, चाकण, सगळीकडे अशी माणसं बसलीयेत. त्यांना पार्ट कसा बनवायचा हे शिकवायची गरज नाही, पार्टाने काय काम करायचंय हे सांगायची गरज आहे. आकार द्या म्हटलं की आकार मिळतो.

मला याचं जास्त वाईट वाटतं ते दुसऱ्या एका कारणाने. बाहेरच्या देशांत जुन्या बीएसए, नॉर्टन मोटारसायकलींच्या पेट्रोल टाक्या, जुन्या विलीज जीपचे पत्रे, असं पुष्कळ काही भारतातून जातं, आणि तिथे "इंडियन" म्हटलं की लोक आधीच धरून चालतात की बसणार नाही, घासावं लागेल, वेल्डिंग तपासून घ्यावं लागेल. आणि त्याच वेळी स्कूटरवाल्यांना विचारा. लॅम्ब्रेटाची मशिनरी मिलानहून लखनौच्या स्कूटर्स इंडियाकडे आली, तिथे बनलेले पार्ट आजही युरोपातले लॅम्ब्रेटावाले शोधून शोधून घेतात, त्यावरचा एसआयएलचा, म्हणजे स्कूटर्स इंडियाचा, शिक्का बघून जास्त पैसे देतात. देश तोच, हातही तेच. इंग्लंडातले मॉरिस ऑक्सफर्डवाले आपल्या अँबॅसडरचे पार्ट वर्षानुवर्षं मागवत आले, कारण अँबॅसडर ही त्याच गाडीवरून घेतलेली आणि बंगालात उत्तरपाड्याला ती २०१४ पर्यंत बनत होती. फरक एवढाच की एका मालावर शिक्का होता आणि दुसऱ्यावर नाही.

आता यावर जे म्हणणं हमखास ऐकू येतं त्याबद्दल. आमच्या ग्रुपमधले एक काका मला म्हणाले, "अगं, तू जास्त विचार करतेस, जुना कंपनीचा माल शोध, नवीन कॉपी घेऊच नकोस." काकांचा मी खूप आदर करते, त्यांनी १९५० च्या दशकातली जुनी फियाट, जिला लोक डुक्कर फियाट म्हणतात, स्वतःच्या हाताने उभी केलीय. पण इथे मी त्यांच्याशी सहमत नाही. जुना माल, म्हणजे तेव्हाचा न वापरलेला, बॉक्समध्ये पडून राहिलेला, लोखंडी किंवा पितळी वस्तूला उत्तम. हेडलाइटची रिंग, दाराचं हँडल, गिअर, मिळालं तर डोळे झाकून घ्या. पण रबर बॉक्समध्येही म्हातारं होतं. चोर बाजारातून मी स्वतः एक किट आणलं होतं, अस्सल, त्या काळचं, बॉक्सचा पुठ्ठासुद्धा पिवळा पडलेला, हातात घेऊन डोळ्यात पाणी आलं इतकं सुंदर. कप वाकवून बघितला तर कडेला बारीक चिरा. ते किट मी शोकेसमध्ये ठेवलंय, गाडीत घालणार नाही. रबर, होज, गॅसकेट, डायफ्रॅम यात आज चांगल्या कंपाउंडचा नवा बनवलेला पार्ट जुन्या अस्सलपेक्षा जास्त सुरक्षित असतो. म्हणून तर कॉपी पार्ट चांगले हवेत, त्यांच्यावाचून सुटका नाहीये.

त्यात आता इथेनॉल आलं. २०२५ पर्यंत आपल्या पंपावरचं पेट्रोल वीस टक्के इथेनॉलवर गेलं, आणि पद्मिनी ज्या काळात डिझाइन झाली त्या काळात असलं पेट्रोल कुणाच्या डोक्यातही नव्हतं. फ्युएल पंपाचा डायफ्रॅम, कार्बोरेटरची गॅसकेट, टाकीपासून येणारी रबरी नळी, सगळं जुन्या प्रकारच्या पेट्रोलसाठी. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणून बसवतं, हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि गाडी पावसाळाभर कव्हरखाली उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी जाऊन बसतं. म्हणजे आता कॉपीवाल्याने अगदी प्रामाणिकपणे, हुबेहूब जुन्यासारखाच डायफ्रॅम बनवला तरी तो चुकीचा आहे. त्याला व्हायटॉनसारखं, इथेनॉललाही टिकणारं रबर वापरावं लागेल, महाग पडेल, आणि गिऱ्हाइकाला दोन काळे डायफ्रॅम शेजारी ठेवले तर स्वस्त कुठला तेवढंच दिसेल. तुम्हीच सांगा, जो माणूस महाग मटेरिअल घालेल त्याने ते घातलंय हे आपल्याला कळणार कसं, त्यावर छापल्याशिवाय? पेट्रोल गरम एक्झॉस्टवर गळलं तर काय होतं हे मी लिहायला नको.

दुसरं म्हणणं जास्त गंभीर आहे आणि ते मी हलक्यात घेत नाही. म्हणतात, छोटे कारखानदार आहेत, चार माणसांचं युनिट, त्यांच्यावर टेस्टिंग, सर्टिफिकेट, इन्स्पेक्टर लादलेत तर बंद पडतील आणि मग वाईट पार्टही मिळणार नाही. हे अगदी खरं होईल. वर्षाला दोनशे नग खपणाऱ्या कपसाठी कुणीही लाखो रुपये टेस्टिंगला घालणार नाही. म्हणून मी सर्टिफिकेट मागत नाहीये. मी साच्यात चार अक्षरं कोरून मागतेय. साचा बनताना एकदाच कोरायची, पुढे जन्मभर फुकट उमटतात. बनवणाऱ्याचं नाव किंवा खूण, रबराचा प्रकार, वर्ष. पुठ्ठ्यावर पत्ता आणि फोन. बस.

आणि हे मागायला नवा कायदाही लागत नाही. पॅकबंद मालावर बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि किंमत पाहिजे हे २०११ च्या वैधमापनाच्या नियमांत आधीच आहे, आपण बिस्किटाच्या पुड्यावर रोज वाचतो. ब्रेकच्या किटवर का नाही? दुसऱ्याचा ट्रेडमार्क लावून माल विकणं हा १९९९ च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर एक फार महत्त्वाची गोष्ट आहे जी दुकानदारांनाही बहुतेक माहीत नसते, की सदोष वस्तूने नुकसान झालं आणि ती वस्तू कुणी बनवली हे कळत नसेल, तर विकणाऱ्यावर जबाबदारी येऊ शकते. म्हणजे निनावी माल विकण्यात खरा धोका दुकानदाराचा आहे. पण हे सगळं कधी चालतं, तर आपल्याकडे बिल असेल तेव्हा. आणि बिल आपण मागत नाही, जीएसटी वाचतो म्हणून. माझ्याकडे त्या किटचं बिल नव्हतं. १८० रुपयांचं किट होतं, मी कच्च्या चिठ्ठीवर घेतलं. ही माझी चूक आहे आणि ती मला सतत टोचते, कारण बिल असतं तर मी गप्प बसले नसते.

इथे मला आपल्याच लोकांना, म्हणजे जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांना, कळकळीने सांगायचंय. आपण डोळ्याने खरेदी करतो. बंपरची चकाकी बघतो. क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, गंजापासून वाचवतं ते त्याच्या खालचं निकेल, आणि स्वस्त बंपरवर तेच वाचवलेलं असतं, म्हणून मुंबईच्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात फोड येतात. तरी मी म्हणेन बंपर गंजला तर गंजला, त्याने कुणी मरत नाही, दाराची बिडिंग सुटली तर पाणी आत येईल, सीट भिजेल. पण ज्या माणसाने क्रोमला पंधरा हजार दिले तोच ब्रेकच्या किटला तीनशे द्यायला कां कूं करतो, हे मी डोळ्याने बघितलंय. आमच्या गाडीत ब्रेकला एकच सर्किट आहे, एक कप गेला की चारही चाकं गेली. किटपेक्षा ते बसवायची मजुरी जास्त आहे, मग वाईट किट दोनदा बसवण्यात बचत कुठली?

थोडं सरकारच्या नियमाबद्दलही. जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांच्या रजिस्ट्रेशनचा नियम आला, पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हीए नंबर, वीस हजार फी, दहा वर्षांसाठी. चांगला नियम आहे, माझ्या गाडीलाही आता पन्नाशी लागतेय, मी अर्ज करणार आहे. त्यात गाडी मूळ रूपात असावी, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नसावेत अशी अट आहे, तीही योग्यच. पण लोकांनी त्याचा अर्थ असा घेतलाय की आत जे काही घालाल ते दिसायला जुनं पाहिजे. मग नव्या मार्किंगची होज काढून बिनमार्किंगची काळी नळी घालतात, का तर "ओरिजिनल लुक". जगभरातल्या जुन्या गाड्यांच्या संघटनेने, फिव्हाने, ट्युरिन चार्टर म्हणून जी तत्त्वं ठरवलीत त्यात नेमकं उलट आहे, की रिस्टोरेशनमध्ये बदललेल्या भागांवर कायमची, सहज ओळखू येईल अशी खूण असावी, म्हणजे पुढच्या पिढीला कळेल मूळचं काय आणि नंतरचं काय. नव्या पार्टाने नवा पार्ट म्हणूनच दिसावं. आपल्याकडच्या स्पर्धांमध्ये जज लोकांनी जर मार्किंग असलेल्या ब्रेक होजला मार्क कापायचं थांबवून जास्त मार्क दिले, तर एका वर्षात बाजार बदलेल असं मला मनापासून वाटतं.

घाटातल्या प्रसंगानंतर आम्ही अकरा पद्मिनीवाले एकत्र आलो. मास्टर सिलिंडरचा कप आणि चाकाच्या सिलिंडरचा कप, दोनच साचे बनवून घ्यायचे, वर्गणी काढून. रबराचा दाबाचा साचा प्लास्टिकच्या साच्याइतका महाग नसतो, अकरा जणांत परवडतो. भोसरीत एक रबराचं युनिट मिळालं, मालक भला माणूस, कंपन्यांना बुश आणि ग्रोमेट देतात. सगळं ठरलं, ड्रॉइंग दिलं, ईपीडीएम ठरलं. मग मी म्हटलं, साच्यात तुमच्या युनिटचं नाव आणि वर्ष कोरायचं.

ते थांबले. म्हणाले, "ताई, नाव कशाला? आम्ही कुणाच्याच मालावर आमचं नाव टाकत नाही. उद्या काही झालं तर?"

मी म्हटलं, दादा, त्यासाठीच.

दोन आठवडे त्यांचा फोन आला नाही. आम्हाला वाटलं गेलं हे काम, मी दुसरीकडे चौकशीही सुरू केली होती. मग एका रात्री साडेनऊला फोन आला. साच्याबद्दल नाही, रबराबद्दल. त्यांनी आधी दाखवलेल्या कंपाउंडचे तुकडे ब्रेक फ्लुइडमध्ये टाकून भट्टीत गरम ठेवले होते, स्वतःहूनच, आणि दर दोन दिवसांनी काढून मोजत होते. "थोडं फुगतंय," ते म्हणाले. "जास्त नाही, चालून जाईल एवढंच. पण नाव टाकायचं असेल तर हे कंपाउंड नको, मी दुसरं मागवलंय, किलोमागे महाग आहे. तुमच्या लोकांना विचारा चालेल का."

मी विचारलं. अकराही जण हो म्हणाले. साचा आता कोरायला गेलाय.